किती जणांनी उघडलं

जीप थांबते न थांबते तोच मंगळूनं कुऱ्हाडीचा दांडा झुंबरबाईच्या हातावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज स्नेहलला बसल्या जागी ऐकू आला. ती धावत मध्ये पडेपर्यंत दुसरा घाव खांद्यावर बसला, ओटीवर रक्त सांडलं. चार बाप्यांनी त्याला मागं ओढलं. ओढता ओढताही त्यानं म्हातारीच्या कमरेत लाथ घातलीच.

"साऱ्या जगाला सांगितलंस, भवाने!" तो म्हातारीवर ओरडला आणि त्यानं स्नेहलपुढं फोन नाचवला. "वाचा ना ताई, तुमचंच हाय!"

तिचंच होतं. सुरगाण्याच्या पाड्यांवरल्या बाळंतपणांचा तिचा अभ्यास. लेख छापायची अट म्हणून सगळी माहिती विद्यापीठाच्या साइटवर खुली ठेवलेली. नावं तिनं एकूण एक काढली होती. पाडा, वय, काम तेवढं राहू दिलं होतं. आणि ज्यांची माहिती त्यांनाही ती दिसावी, म्हणून चार दिवसांपूर्वी पाड्याच्या ग्रुपवर लिंक तिनंच हौसेनं धाडली होती.

'सांगणारी : सुईण, वय अठ्ठावन्न. बाळंतिणीच्या पोटात नवऱ्याने लाथ मारली. सातव्या महिन्यात मेलेलं मूल.'

पाड्यात सुईण एकच होती, झुंबरबाई.

जीपमध्ये स्नेहलनं झुंबरबाईचा हात ओढणीनं बांधला.

"मावशी, आत्ता काढून टाकते. माझ्याच हातात आहे ते."

"काढ बाई. लय झालं."

मंगळूची बायको भिमाबाई पाण्याचा तांब्या घेऊन जीपशी आली. सातव्या महिन्यात गेलेल्या त्या मुलानंतर तिला पुन्हा पाचवा महिना होता. गालावरचा वण पिवळा पडत चाललेला.

"नका काढू, ताई," ती मागं बघत पुटपुटली. "चार दिस झालं, त्यानं मला हात लावला नाय. नुसता फोन बघत बसतो. खाली आकडा येतो ना, किती जणांनी उघडलं त्याचा. तो वाढतोय. कोण बघतंय, कोण बघतंय, म्हणून घाम फुटतो त्याला."

स्नेहलनं पान उघडलं. गेल्या आठवड्यात आकडा नऊ होता, त्यातले सहा तिचेच. आता एकशे बारा.

"किती वेळा उघडतो गं तो?"

"उठल्यापासनं निजेपर्यंत."

म्हणजे त्यातले शंभरेक त्याचेच. झुंबरबाई भिमाबाईच्या पोटाकडे बघत होती.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "माझा मोडायचा तो मोडला. पोलिसात मी तोंडानंच सांगते."

"तू येतेस?" स्नेहलनं भिमाबाईला विचारलं.

तिनं नाही म्हणून मान हलवली. घरात तीन वर्षांची पोर होती.

जीप निघाली. ओटीवर बसवून ठेवलेला मंगळू फोनवर वाकला होता. एका हातानं म्हातारीला सावरत, घाटात रेंज जाईपर्यंत, स्नेहल तेच पान बंद करत होती आणि उघडत होती.