हात कुठे अडतो

मी संशयी बाई आहे. दुकानातला वजनकाटा शून्यावर आहे का ते बघितल्याशिवाय मी पिशवी पुढे करत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या गोळीचं नाव चिठ्ठीशी अक्षर अक्षर ताडून बघते. नवरा म्हणतो, "तू स्वतःच्या सावलीकडेही ओळखपत्र मागशील." मागेन की. सावलीला दाखवायला काय हरकत आहे?

तर गेल्या वर्षी माझा उजवा खांदा आखडला. बावीस वर्षं मी केस कापते, रंगवते, वाळवते. दिवसभर दोन्ही हात छातीच्या वर. एके दिवशी ड्रायर उचलला आणि खांद्यात अशी कळ गेली की गिऱ्हाईक खुर्चीतून उठून मलाच धरायला आलं. पुढच्या दोन महिन्यांत हात इतका आखडला की मला स्वतःची वेणी घालता येईना. डॉक्टर म्हणाले, खांद्याच्या सांध्याभोवतीचं आवरण आकसलंय, फिजिओथेरपी करा, रोज ताण द्या, वर्षभरात सुटेल. वर्षभर! माझ्या पार्लरमध्ये दोनच खुर्च्या आहेत. खिडकीजवळची माझी, आणि आतली चिंगीची.

चिंगी म्हणजे माझी नणंद. चौतीस वर्षांची घोडी झाली तरी घरात चिंगीच. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून सहा वर्षांपूर्वी परत आली, वरच्या मजल्यावर राहायला लागली. रिकामी बसून रडत होती, म्हणून मीच तिच्या हातात कात्री दिली. कंगवा कसा धरायचा, ओले केस बोटांत किती ताणायचे, सगळं मी शिकवलं. शिकली पटकन. जरा जास्तच पटकन, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

क्लिनिकला मी आठवड्यातून दोनदा जायचे. घरी मात्र व्यायाम रोज हवा होता. मी उताणं झोपायचं आणि दुसऱ्या कुणीतरी माझा हात मनगटाला आणि कोपराला धरून हळूहळू वर, डोक्याच्या दिशेनं न्यायचा. नवरा पहाटेच कामाला जातो. म्हणून हे काम चिंगीकडे आलं. फिजिओबाईंनी तिला पहिल्याच आठवड्यात बोलावून दहा मिनिटांत शिकवलं होतं. "दुखेल थोडं," त्या म्हणाल्या होत्या, "पण अडेल तिथे थांबायचं, श्वास सोडायला लावायचं, मग आणखी थोडं पुढे."

पहिले तीन महिने सगळं ठीक चाललं. चौथ्या महिन्यात माझ्या मनात पाल चुकचुकली.

झालं असं, की क्लिनिकमध्ये माझा हात पुढे सरकत होता. फिजिओबाईंकडे प्लास्टिकच्या दोन पट्ट्या मधोमध जोडलेलं एक कोन मोजायचं साधन आहे. एक पट्टी माझ्या बरगड्यांच्या बाजूनं, दुसरी दंडाच्या रेषेत, आणि मधल्या चकतीवरचा आकडा माझ्या कार्डावर. सत्तरपासून सुरुवात झाली होती, आता एकशे चाळीसच्या पुढे गेला होता. म्हणजे उताणं झोपल्यावर हात छताकडे उभा राहून पुढे डोक्यामागे कलंडायचा. घरी मात्र तोच हात चिंगीच्या हातात छताकडे सरळ उभा राहायचा आणि तिथेच ठप्प. सकाळी सात वाजता मी छताकडे बोट दाखवत पडलेली, आणि चिंगी विचारतेय, "दुखलं का, वहिनी? थांबू?"

एवढी काळजी? फिजिओबाई तर मी कितीही ओरडले तरी "श्वास सोडा" एवढंच म्हणतात.

मग मी डोळ्यांत तेल घालून बघायला लागले. संध्याकाळी पार्लरला जाऊन बसायचे, म्हणायला लक्ष ठेवायला, गिऱ्हाइकांशी गप्पा मारायला. खिडकीजवळची खुर्ची चिंगीनं घेतली होती. "उजेड चांगला येतो, वहिनी." खुर्चीची उंचीही तिनं स्वतःच्या मापानं चढवून ठेवली होती. माझी कात्री, जिला मी कुणाला हात लावू देत नाही, ती तिच्या एप्रनच्या खिशात. वेळा लिहायची वही एकदा मी डाव्या हातानं चाळली, तर पंधरा वर्षांपासून माझ्याकडे येणारी शाळेची मुख्याध्यापिका चिंगीच्या रकान्यात. आणि त्यापुढचे दोन महिनेसुद्धा! म्हणजे दोन महिन्यांनंतरही मी उभी राहणार नाही, हे चिंगीला आधीच माहीत होतं तर.

त्यात त्या मुख्याध्यापिकाबाई मला म्हणाल्या, "तुम्ही आराम करा हो. चिंगीचा हात फार हलका आहे." असेल ना. माझ्याही हाताला ती तेवढ्याच हलकेपणानं धरत होती.

पाणी कुठे मुरतंय ते मला कळलं होतं, फक्त पुरावा नव्हता. म्हणून मी एक आठवडा ठरवून तोंडातून आवाज काढला नाही. दात आवळले, चादर डाव्या मुठीत धरली, पण "आई गं" म्हटलं नाही. मी ओरडते म्हणून ती थांबते, हे निमित्तच तिच्या हातून काढून घेतलं. तरीही हात छताकडे उभा राहून थांबला. सातही दिवस. म्हणजे आता शंकाच नको, तीच थांबवत होती.

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, ती माझी बहीण आहे." बहीण त्याची होती, खांदा माझा होता.

वेळही फार उरला नव्हता. पंधरा दिवसांनी मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं होतं. घरी आणि क्लिनिकमध्ये एवढा फरक का पडतो हे कळलं नाही, तर ते भूल देऊन खांदा जोर लावून मोकळा करणार होते, आणि मग पुन्हा पहिल्यापासून तीन महिने व्यायाम. तीन महिन्यांनी मी परत गेले असते तर माझ्या पार्लरमध्ये मला आतली खुर्ची मिळाली असती. ह्या वयात, मी शिकवलेल्या मुलीच्या पाठीमागे.

शेवटी मी फिजिओबाईंनाच सांगितलं. पडदा ओढून घेतला, आवाज खाली आणला आणि म्हटलं, "घरचं माणूस मुद्दाम कमी करतंय. मला बरं होऊ द्यायचं नाहीये."

फिजिओबाई कार्डावरचे आकडे बघत होत्या. दणकट हातांच्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी एवढंच विचारलं, "आत्ता ह्या क्षणी तुमचे दात आवळलेले आहेत, माहीत आहे का?"

"रागानं," मी म्हटलं.

"बरं. परवा त्यांना घेऊन या."

मला इतका आनंद झाला की घरी जाताना मी दोन बसथांबे चालत गेले. रंगेहाथ पकडली जाणार होती चिंगी, आणि तेही तिसऱ्या माणसासमोर, आकड्यासकट.

चिंगी आली. पार्लर बंद ठेवून आली, हे सांगायला विसरली नाही. मी उताणी झाले. फिजिओबाई म्हणाल्या, "घरी करता तसं करा." चिंगीनं माझं मनगट धरलं, कोपर धरलं. हात वर गेला, छताकडे उभा राहिला, थांबला. "दुखलं का, वहिनी?" फिजिओबाईंनी पट्ट्या लावल्या. "अठ्ठ्याण्णव."

मी मान वळवून फिजिओबाईंकडे बघितलं. बघितलंत? म्हणजे मी तोंडानं म्हटलं नाही, पण डोळ्यांनी म्हटलं. चिंगी खाली बघत होती. चोराच्या नजरेनं, असं मला वाटलं.

"थोडा शेक देऊ," फिजिओबाई म्हणाल्या. त्यांनी खांद्यावर गरम पिशवी ठेवली आणि वरचा दिवा डोळ्यांवर येतो म्हणून माझ्या डोळ्यांवर घडी केलेला टॉवेल टाकला. दहा मिनिटं तशीच गेली. शेजारच्या पडद्याआड कुणीतरी पायानं कप्पीची दोरी ओढत होतं. मला जरा गुंगी आली. मग पिशवी उचलली गेली. फिजिओबाईंचा आवाज माझ्या डोक्याशी आला. "आता पुन्हा करू. श्वास सोडा. आणखी सोडा."

दोन हातांनी माझा हात उचलला. गरम, कोरडे, ठाम हात. काय फरक असतो बघा, मला वाटलं, शिकलेल्या माणसाच्या हातात. हात छताकडे उभा राहिला आणि थांबलाच नाही. पुढे कलंडला. खांद्याच्या आत काहीतरी ताणलं, दुखलं, पण ते चांगलं दुखणं होतं, आळस दिल्यावर दुखतं तसं. दंड कानाजवळ आला. बऱ्याच महिन्यांत माझ्या दंडाची आणि कानाची गाठ पडली नव्हती.

"एकशे पासष्ट," फिजिओबाई म्हणाल्या.

मला राहवलं नाही. टॉवेलखालूनच मी म्हटलं, "बघ, चिंगी. असं करायचं असतं. ह्याला म्हणतात हात."

शेजारची कप्पी थांबली. मग टॉवेल उचलला गेला. फिजिओबाई माझ्या डोक्याशी उभ्या होत्या, हातात पट्ट्या. आणि माझा उजवा हात कानाशी धरून चिंगी उभी होती.

दुसऱ्याच क्षणी माझा हात आपोआप वर उसळला आणि छताकडे उभा राहिला. मी काही केलं नव्हतं. चिंगीनंही काही केलं नव्हतं, हे आम्ही तिघींनी बघितलं.

फिजिओबाई खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या. खांदा बराचसा सुटलाय, असं त्यांनी समजावून सांगितलं. आता जे अडतंय ते सांध्यात नाही, स्नायूत आहे. दुखेल अशी भीती असली, किंवा धरणाऱ्या माणसाची खात्री नसली, की स्नायू आधीच आवळून बसतात, आपल्याला न विचारता. भूल देऊन खांदा मोकळा करण्यात अर्थ नाही, हे त्या डॉक्टरांना लिहून देणार होत्या. "दोष कुणाचा नाही," असंही म्हणाल्या. पण त्या चांगल्या होत्या म्हणून म्हणाल्या. लाजेनं माझे कान तापले होते. चिंगीनं मला स्वेटरची बाही चढवायला मदत केली आणि रस्ताभर माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सात वाजले, सव्वासात वाजले. ती येणार नाही असं मी धरूनच चालले होते. मनात एक कोपरा असाही होता जो म्हणत होता, बघ, नाही ना आली, म्हणजे होतंच काहीतरी. सवय इतकी वाईट असते.

वीस मिनिटं उशिरा जिन्यावर चपला वाजल्या. "आडवी हो," चिंगी म्हणाली.

तिनं हात उचलला. छताकडे. ठप्प.

"मी अडवत नाहीये," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय. मला वाटत होतं तू मुद्दाम करतेस. खुर्चीसाठी." बोलून टाकलं. छताकडे बघत बोलले, कारण तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती.

"मला माहीत होतं," चिंगी म्हणाली. "केव्हापासून माहीत होतं. तू वही चाळत होतीस तेव्हा मी आरशात बघत होते. पार्लरभर आरसे आहेत, वहिनी, तूच लावलेत."

"मग बोलली का नाहीस? आणि येत का होतीस रोज?"

ती हात तसाच धरून होती. "आधी तुझ्यासाठी येत होते. ते वहीचं बघितल्यापासून रागानं यायला लागले. म्हटलं, हिचा हात बरा करायचा आणि मग हिच्याशी कडाडून भांडायचं. एका हाताच्या बाईशी काय भांडणार मी?"

"भांड मग. आत्ता भांड."

"आत्ता?"

"मी कुठे पळून जातेय? आडवी पडलेय."

आणि चिंगी भांडली. मुख्याध्यापिकाबाई चिडून दुसरीकडे चालल्या होत्या, तिनं हातापाया पडून थांबवलं, दोन महिन्यांच्या वेळा आधीच लिहून घेतल्या, त्या टिकाव्यात म्हणून, माझ्यासाठी टिकाव्यात म्हणून. सहा वर्षं ती आतल्या अंधाऱ्या खुर्चीत काम करतेय, एकदा तरी मी तिला बस म्हटलं का खिडकीशी? तिनं चुकीचा रंग लावला तेव्हा गिऱ्हाइकासमोर मी तिला काय बोलले ते आठवतं का? मी म्हटलं, तो रंग खरंच चुकीचा होता. ती म्हणाली, होता, पण बाटलीवरची खूण तू पुसट केली होतीस. मी म्हटलं, अजिबात नाही. ती म्हणाली, केली होतीस. तिचा आवाज चढला, माझाही चढला, आणि मला आठवलं, खूण मीच पुसट केली होती, ओल्या बोटानं.

"मीच केली होती," मी म्हटलं.

चिंगी मधेच थांबली. "वहिनी," ती हळूच म्हणाली, "हात बघ."

हात कुठे आहे ते कानाला टेकलेल्या दंडावरून मला कळत होतं. मी हाताकडे बघितलं नाही, तिच्याकडे बघितलं. तिचं नाक लाल झालं होतं आणि कपाळावर घाम आला होता.

"पुढे बोल," मी म्हटलं. "तुझं अजून संपलेलं नाही."