बर्फातली लाईट

शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी मी वाचनालयाच्या मागच्या खोलीत मुलांना विज्ञान शिकवतो. फी नाही, परीक्षा नाही. नियम एकच, मनात येईल ते विचारायचं. तो नियम मीच मोडला.

डिसेंबरात चिपळूणला वादविवाद स्पर्धा होती. विषय होता, ‘सौरऊर्जा साठवून वापरणे व्यवहार्य आहे’. आमच्याकडून अनुकूल बाजू मांडायला मी आयातला निवडलं. ती मच्छीमारांच्या मिरकरवाड्यातली, नववीत शिकणारी. तिच्या घरातलं कुणी आजवर माईकसमोर उभं राहिलेलं नव्हतं. तिची आई रहिमा बाजारात भेटली, तेव्हा तिने आधी हेच विचारलं, “सर, बोलेल ना ती नीट?”

“का नाही बोलणार? माझी विद्यार्थिनी आहे,” मी म्हणालो.

तयारीच्या दिवशी मी फळ्यावर बॅटरीचं चित्र काढलं आणि वीज साठवतात ती अशी, म्हणून सांगितलं. आयातने हात वर केला.

“सर, आमच्याकडे लाईट बर्फात ठेवतात.”

“लाईट नव्हे, वीज म्हण. आणि बर्फात?”

“हो. युसुफमामूच्या बर्फाच्या कारखान्यात दुपारी...”

“बरं, बरं. म्हणजे लाईट गेली की बर्फाच्या लादीत पिन खुपसायची आणि मिक्सर फिरवायचा!”

खोलीत हशा पिकला. मीही हसलो. हसत शिकलेलं मुलं विसरत नाहीत, असं मी आयुष्यभर मानत आलो होतो. स्वरूपने तिथल्या तिथे तिचं ‘बर्फाबाई’ असं बारसं केलं. आयात खाली बसली. तिच्या भाषणातला बर्फाचा परिच्छेद मी लाल पेनाने खोडला आणि त्या जागी बॅटऱ्यांचे प्रकार लिहून दिले.

तिने ते तोंडपाठ केले. चिपळूणला एकदाही अडखळली नाही. पुढच्या रांगेत मी मान डोलावत होतो. मग प्रश्न सुरू झाले. प्रतिकूल बाजूची, दापोलीची दर्शना उठली.

“बॅटऱ्या महाग. काही वर्षांनी निकामी. मग त्या टाकायच्या कुठे? वक्त्यांनी बॅटरी सोडून साठवणीचा एक तरी मार्ग सांगावा. परदेशातला नको, आपल्या जिल्ह्यातला सांगा.”

आयातचा चेहरा उजळला. तिने तोंड उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं.

त्याच क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला. कारखान्याच्या छपरावरची सौर पॅनेलं मी कितीदा पाहिली होती. दुपारी ऊन कडक, वीज भरपूर. तेव्हा बर्फ करून ठेवायचा आणि पहाटे सूर्य नसताना बोटींना द्यायचा. वीज कुठे कोंडून ठेवायला नको, तिचं काम आधीच उरकून ठेवायचं. पोरगी मला हेच सांगत होती. मी मानेने ‘बोल, बोल’ म्हणेपर्यंत तिने नजर खाली वळवली होती.

“माहीत नाही,” ती माईकवर म्हणाली.

परतताना एसटीत रहिमा आणि आयात माझ्या पुढच्या बाकावर बसल्या होत्या. मी वाकून विचारलं, “उत्तर येत होतं ना तुला?”

“हो.”

“मग?”

तिने मागे वळून पाहिलं नाही. “तुम्ही हसला असतात.”

रहिमा खिडकीबाहेर बघत राहिली. ‘माझी विद्यार्थिनी आहे’ ही बाजारात तिच्यापुढे मारलेली फुशारकी मला आठवली.

पुढच्या शनिवारी आयात आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिच्या शेजारी बसणारी मनस्वी म्हणाली, “सर, ती आता येणार नाही. वर्गात पण हात वर करत नाही. म्हणते, मला बोलता येत नाही.”

चाळीस वर्षं मी मुलांना बोलतं केलं, असं लोक सत्कारात म्हणत. एका मुलीला मी चांगलंच गप्प केलं होतं.

मी खडू खाली ठेवला. “त्या दिवशी आयातचं बरोबर होतं. मी चुकलो. आणि चुकलेला असून तिला हसलो.”

स्वरूप पुटपुटला, “नाव मी ठेवलं होतं सर.”

“हसायला सुरुवात माझी होती.”

“पण सर,” मनस्वी म्हणाली, “हे आम्हाला सांगून काय उपयोग? ती कुठे इथे आहे?”

चौदा वर्षांच्या पोरीला जे कळलं, ते मला कळायला हवं होतं. आम्ही सगळे तसेच निघालो.

कारखान्याच्या दारात युसुफमामू उभे होते. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “हेच काय गो ते सर?”

आत वजनकाट्याजवळ उभ्या असलेल्या आयातने मान हलवली. घरी सगळं सांगितलं होतं तर. माझे कान तापले. यंत्राची घरघर चालू होती, त्यामुळे मला मोठ्याने बोलावं लागलं. बर्फ भरणारी माणसंही थांबून ऐकू लागली. हळू आवाजात माफी मागण्याची सोय नव्हती, ते बरंच झालं.

“आयात, तुझं म्हणणं मी ऐकूनच घेतलं नाही. वर तुझी चेष्टा केली. माझी चूक झाली. आज सांगशील आम्हाला?”

तिने युसुफमामूंकडे पाहिलं. त्यांनी तिला ‘बोल’ म्हटलं नाही. स्वरूप ओल्या फरशीवर घसरता घसरता सावरला.

“चपला तिथे काढ,” आयात त्याला म्हणाली. “आणि सगळे इकडे या. हे डबे बघा. यात पाणी भरतात. दुपारी ऊन असतं तेव्हा...”

ती थांबली. माझ्याकडे वळून म्हणाली, “सर, तुम्ही मागे उभे राहा. मुलांना दिसत नाही.”

मी मागे जाऊन उभा राहिलो.