उदाहरणाचे वाक्य

लेकीने खोक्यातले पुढचे कार्ड काढले, कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि शब्द वाचला, "व्यंग."

समोर वडील डोळे मिटून बसले होते. मिटले काय नि उघडे ठेवले काय, वर्षभर त्यांना सारखेच होते. सारी हयात त्यांनी एका शब्दकोशापायी घालवली. आता त्याची नवी आवृत्ती निघायची, तर नेमका डोळ्यांनी दगा दिला. म्हणून लेक कचेरीतून रजा काढून रोज दुपारी त्यांना जुनी कार्डे वाचून दाखवत होती. काय ठेवायचे, काय गाळायचे ते सांगत. ती लाल पेनाने खूण करी. बापलेकीचे इतके बोलणे आजवर कधी झाले नव्हते. तिला त्या दुपारच्या वेळेची ओढ लागली होती.

अर्थ होता शरीरातली उणीव, दोष. तो त्यांना पटला. त्यांनी उदाहरण विचारले.

ते त्यांच्याच अक्षरात होते. खाली तारीखही होती. त्या तारखेला ती वीस दिवसांची होती.

तिचा डावा पाय जन्मतःच आखूड. घरात त्याविषयी कुणी चकार शब्द काढत नसे. पाहुण्यांनी विचारलेच, तर वडील सांगत, लहानपणी जिन्यावरून पडली. ते खोटे तिला मायेचे वाटत आले होते. त्यासाठी तिने त्यांचे बरेच काही पोटात घातले होते.

"'मुलगी व्यंग घेऊन जन्मली आणि म्हणून बापाला तोंड दाखवायला जागा उरली नाही,'" तिने सावकाश वाचले. मग तारीखही वाचली.

खुर्चीच्या हातावर ताल धरणारी त्यांची बोटे थांबली.

"चुकलंच माझं," ते म्हणाले.

तिने कार्ड मांडीवर ठेवले.

"'आणि'च्या पुढे 'म्हणून' कशाला हवं? खोड ते. बाकी वाक्य चपखल आहे, राहू दे."

तिने 'म्हणून' खोडले. त्या दिवशीची उरलेली कार्डेही वाचून संपवली.

दुसऱ्या दिवशी तिने रजा रद्द केली आणि वाचनासाठी पगारी माणूस ठरवला. कचेरीत काम फार साचलंय, असे तिने वडिलांना सांगितले.

त्या माणसाचे उच्चार स्वच्छ आहेत ना, एवढेच त्यांनी विचारले.