चारशे बारा ब

"जेवणाचा प्रश्न शेवटी घ्या," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "बाकीचे आधी विचारा. सोन्या येतोय दुपारी."

सर्व्हेताई पेनाचं टोपण काढत होत्या. त्यांनी मान वर केली. "काकू, तो प्रश्न पहिलाच असतो. पुढचं सगळं त्याच्यावर ठरतं."

"मला सांगताय? तुमचे प्रश्न तुमच्याआधी मला पाठ झालेत."

हे खरं होतं. विद्यापीठाने कुटुंबांचा अभ्यास सुरू केला, तेव्हा ऑपरेटरबाईंचं नुकतंच लग्न झालेलं होतं. आधीचे दोन सर्व्हेवाले बदलून गेले आणि मग या ताई आल्या, तेव्हा त्यांचे केस काळे होते. दर काही वर्षांनी त्या यायच्या, जन्म, मृत्यू, नोकरी, आजारपण विचारून जायच्या. या कुटुंबाचा क्रमांक चारशे बारा. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य काढलेल्या बाईच्या डोक्यात एकदा शिरलेला नंबर निघत नाही. एक्स्चेंज बंद पडून जमाना झाला, तरी गल्ली त्यांना ऑपरेटरबाईच म्हणायची. सर्व्हेताईंनी दारातून "चारशे बारा?" असं विचारलं की त्याही ठसक्यात म्हणायच्या, "बोला, जोडते."

आज ताईंनी विचारलं होतं. ऑपरेटरबाई नुसत्या "या" म्हणाल्या होत्या.

खोली घराच्या मागच्या बाजूला होती, पूर्वी अडगळीची. पलंग, खुर्ची, खिडकीखाली टेबल आणि टेबलावर विजेची शेगडी. शेगडीवर भात झाकून ठेवलेला, शेजारी बटाट्याची भाजी. एका माणसाला दोन दिवस पुरेल एवढी.

"बरं, मधल्या काळात घरात काय काय घडलं?" ताईंनी विचारलं.

"हे गेले. ते तुम्हाला कळलंच असेल."

"हो. वाईट वाटलं फार."

"लिहा मग. मृत्यू, एक. नातीचं लिहा. शिकायला बाहेरगावी गेली. 'घर सोडलं'मध्ये घालू नका हं, सुट्टीत येते ती."

ताईंनी लिहिलं. मग शेगडीकडे बघून न बघितल्यासारखं केलं. ऑपरेटरबाईंना ते दिसलं.

"विचारा की. ही कधी आली म्हणून."

"कधी आली?"

"सोन्याला ब्लड प्रेशर निघालं. मीठ बंद. सूनबाई चमच्याने मोजून घालायची. आणि माझा हात. तिची पाठ वळली की मी चिमूटभर टाकायचेच. म्हणजे मुद्दाम नाही हो! अळणी वाढायचं म्हणजे पोराला उपाशी ठेवल्यासारखं वाटतं. मग त्याला ऑफिसात चक्कर आली." त्या थांबल्या. "पुढच्या रविवारी शेगडी आली. खोक्यावरची किंमत खरवडून काढलेली, भेट देताना काढतात तशी. 'आई, भांडण नाही काही, तुझं तू चवीने खा.' भांडण नव्हतंच. खोटं कशाला बोलू."

ताईंनी पान उलटलं.

"सूनबाई हसत म्हणाली, त्या सर्व्हेताई म्हणतात ना, चूल वेगळी की कुटुंब वेगळं. तसं आता झालं."

"मी असं म्हटलं होतं?"

"म्हणजे काय! मागच्या वेळी तिनेच विचारलं, तुमच्यात कुटुंब कशाला म्हणतात? तुम्ही वाचून दाखवलंत. एका छपराखाली राहणारे आणि एका चुलीवरचं जेवणारे. हे म्हणाले, 'चूल कुठाय, गॅस आहे आमच्याकडे, आम्ही बसत नाही तुमच्यात.' किती हसलो होतो."

"ती व्याख्या आहे काकू. मोजायला लागते."

"हो ना. त्यांनीही मोजायलाच घेतली."

त्यानंतर घरात तो विनोदच झाला होता. तुमच्या कुटुंबातला दिवा चालू राहिला हो आई. आमच्या कुटुंबात साखर उरलीय, हवी का? काही दिवस सगळेच हसत होते, ऑपरेटरबाईसुद्धा. मग हसू गेलं आणि शब्द तेवढे राहिले. मधल्या दाराला कधी कुलूप नव्हतं. तशी गरज पडलीच नाही.

"आता मला सांगा," त्या म्हणाल्या. "चूल वेगळी धरलीत तर नंबर कोणाला?"

ताईंनी कागद सारखे केले. "जिकडे माणसं जास्त, त्यांच्याकडे मूळ क्रमांक राहतो."

"आणि मला?"

"तुम्हाला ब. चारशे बारा ब."

"मी सोन्याच्या आधीपासून आहे त्या नंबरात."

"मला माहीत आहे."

"तो माझ्या पोटात होता तेव्हा तुमच्या त्या पहिल्या सर्व्हेवाल्याने मला विचारलं होतं, किती सदस्य? मी म्हटलं, अडीच लिहा. आणि आता मी ब?"

ताईंनी पेन खाली ठेवलं. त्यांचा आवाज उतरला. "काकू, तुम्ही सांगाल ते मी लिहिते. सगळे एकत्र जेवतो म्हणा, मी एकत्र लिहीन. आम्ही भांडी उघडून बघत नाही."

"ते नको." त्या ताडकन म्हणाल्या. "कॉल लागला नाही तर लागला म्हणून चिठ्ठी कधी फाडली नाही मी. म्हणून तर त्याला बोलावलंय. एकदा इथे बसून जेवला की झालं. मग मी म्हणेन, जेवतो माझ्याकडे. खोटं होणार नाही."

एका जेवणाने नियम पुरा होत नाही, हे ताईंना सांगायचं होतं. त्या भाताच्या झाकणाकडे बघत राहिल्या. मग नोकरीचे, तब्येतीचे, झोपेचे प्रश्न घेतले. अडचणीत सापडलात तर पहिला फोन कोणाला कराल, या प्रश्नाला ऑपरेटरबाई म्हणाल्या, "आताचे फोन मला जमत नाहीत. बोट लावलं की भलतीकडेच लागतो." ताईंनी 'इतर'वर खूण केली.

सोन्या आला तेव्हा भात निवला होता. तो दारातच उभा राहिला, पायात बूट, हातात गाडीची किल्ली.

"अरे वा, ताई! अजून चालू आहे तुमचं?"

"चालू आहे."

"आमचं संध्याकाळी घ्या हं, ही असते घरी. आईचं वेगळं, आमचं वेगळं. तुमच्याच व्याख्येप्रमाणे!" तो मोकळेपणाने हसला. मग आईकडे वळला. "काय गं, काय काम होतं?"

"जेवायला बोलावलं होतं."

"फोनवर म्हटलं ना, बघतो म्हणून. हिने डबा दिला होता. गाडीतच खाल्ला. मीटिंग आहे."

"दोन घास खा. बस."

"बूट काढायचे, घालायचे..."

"असू देत बूट. आत ये."

एरवी कुणी बूट घालून आत आलं तर त्या घर डोक्यावर घ्यायच्या. सोन्याने जरा चमकून आईकडे पाहिलं. पुढे होऊन त्याने भाजीवरचं झाकण उचललं, बटाट्याची एक फोड बोटांनी घेतली आणि तोंडात टाकली. दोघी बघत होत्या.

"मीठ विसरलीस का गं?"

त्यांनी खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"अगदीच अळणी झालंय. तुला तर चालत नाही असलं." त्याने रुमालाला बोटं पुसली. "वरून घाल थोडं. येतो हं. ताई, बसा तुम्ही."

फाटक वाजलं. गाडी चालू झाल्याचा आवाज आला आणि मग तोही गेला.

सर्व्हेताईंनी पेन पुन्हा हातात घेतलं. म्हणाल्या, "खाल्लं त्यांनी. मी पाहिलंय. एकत्र लिहू का?"

ऑपरेटरबाईंनी भाजीवर झाकण नीट बसवलं. "आमच्याकडे कधी कधी पलीकडे फोन उचलला जायचा. चुकून. कुणी बोलायचं नाही, लगेच खाली ठेवायचे. इकडचं माणूस हट्ट करायचं, उचलला होता, मी ऐकलं, लागला म्हणून लिहा."

"मग?"

"नाही लिहायचो."

खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. त्या खुर्चीत बसल्या, पदर सारखा केला. एक्स्चेंजमध्ये पाळी सुरू होताना बसायच्या तशा, ताठ.

"विचारा आता पहिला प्रश्न."

ताईंनी पान उलटून मागे नेलं. छापलेलं वाक्य त्यांना न बघता येत होतं, तरी त्यांनी वाचूनच दाखवलं. "आपल्यासह, एका चुलीवरचं जेवण जेवणाऱ्या व्यक्ती किती?"

"एक."

पेनाचा आवाज झाला.

"नंबर सांगा परत."

"असू द्या काकू, त्याची गरज नसते."

"सांगा. नंबर घेतला की परत म्हणायचा असतो. नाहीतर चूक होते."

"चारशे बारा ब."

"चार, एक, दोन, ब." त्यांनी एकेक आकडा सुटा केला. "बरोबर?"

"बरोबर."

मग त्या उठल्या. वरच्या फळीवरून मिठाची बरणी काढली, भाजीत मीठ घातलं, हलवलं, चाखलं, आणखी थोडं घातलं. शेगडी लावली. दोन ताटल्या घेतल्या.

"मला नको, काकू. आम्हाला घरोघरी काही घेता येत नाही. इतकी वर्षं—"

"पाहुण्यांना तुमच्यात धरत नाहीत ना?"

"नाही."

"मग काय बिघडतं?"

सर्व्हेताईंनी टेबलावरचे कागद उचलले आणि ताटलीला जागा करून दिली.