आधी घरच्यांना

नेनिताने कॉलरला लावलेला माईक मुठीत झाकला.

"नावं सांगून मोकळी हो," मेयरसाहेब तिच्या कानाशी पुटपुटले. "मनिलाहून आलेत ते चॅनलवाले. गप्प राहिलो तर म्हणतील, लपवतायत."

"तीन घरी अजून कळवायचंय, साहेब."

पहाटे डोंगराची कड बारा घरांवर कोसळली होती. वाचलेले सगळे बास्केटबॉल कोर्टाच्या छपराखाली, टीव्हीसमोर बसले होते. नगरपालिकेची आपत्ती अधिकारी म्हणून कॅमेऱ्यासमोर उभं राहणं नेनिताच्याच वाट्याला आलं होतं. चिखलाने बूट जड झाले होते. लाल दिवा लागला.

"किती जण गेले?" बातमीदार पोरगी चटपटीत होती.

"सात मृतदेह मिळाले. नऊ जणांचा शोध चालू आहे."

"त्यात एक मासेमार आहे, एल्पिडियो नावाचा. खरं का?"

नेनिताच्या खिशातल्या तीन नावांच्या कागदावर ते नाव पहिलंच होतं. नाही म्हणणं खोटं ठरलं असतं, आणि क्षणभर गप्प राहणं म्हणजे हो म्हणण्यासारखंच.

"कुठल्याच नावाबद्दल मी इथे बोलणार नाही. होही म्हणणार नाही आणि नाहीही. आधी घरच्यांना सांगेन, मी स्वतः जाऊन. मग तुम्हाला."

"लोकांना जाणून घ्यायचा हक्क आहे, मॅडम."

"आहे ना. मग हे दाखवा, डोंगर अजून सरकतोय. सामान आणायलासुद्धा कुणी घरी परतू नका. हे पुन्हा पुन्हा दाखवा."

दिवा विझला. तिच्या कॉलरचा माईकचा चिमटा मेयरसाहेबांनीच काढला.

"निभावलंस गं," ते म्हणाले.

तीही सुटकेचा श्वास टाकून छपराकडे निघाली. पत्र्याखाली पाय ठेवला आणि तिच्या लक्षात आलं, टीव्हीचा आवाज कुणीतरी आत्ताच बंद केला होता. तिचं बोलणं सगळ्यांनी ऐकलं होतं.

एरवी तिला पाहताच पाणी कधी येणार, ब्लँकेटं कुठायत म्हणून गलका झाला असता. आज कुणी हाक मारली नाही. ती पुढे येईल तशा माना खाली जात होत्या. एका बाईने कडेवरचं मूल पदराआड घ्यावं तसं छातीशी दाबलं. एक म्हातारा आधीच संपलेल्या पेजेचा वाडगा चमच्याने खरवडत राहिला. ज्या चटईजवळून ती पुढे सरके, तिथून दबलेला श्वास सुटल्याचं ऐकू येई.

चौथ्या रांगेत एल्पिडियोची बायको बसली होती. फेलिसा. नेनिताची पावलं मंदावली.

फेलिसाने वर पाहिलं आणि घाईघाईने पाय पोटाशी ओढून वाट करून दिली.

"जा ना पोरी," ती म्हणाली, "जा, जा पुढे. मागे पण बसलेत लोक."

नेनिता तिच्याशेजारी जमिनीवर बसली.