जायफळाचे अकरा दिवस

सकाळी चूळ भरताना आकांक्षाच्या तोंडातलं पाणी उजव्या कोपऱ्यातून आपोआप गळालं. आरशात पाहिलं तर चेहऱ्याची उजवी बाजू ओघळलेली, डोळा मिटता मिटेना.

"आई, माह्या तोंडाले काय झालं?"

दुर्गाबाईंनी आधी अंगणाचं दार लावलं, मग पोरीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. यात त्यांचा दोष कमी, आपल्या रीतीचा जास्त. अकोल्याच्या विपुलशी आकांक्षाचं साक्षगंध होऊन पंधरा दिवस झाले होते आणि साक्षगंध झालेल्या मुलीला आजारी पडायची मुभा आपल्याकडे नसते.

त्यांच्या धामणगाव रेल्वे गावाहून अमरावतीचे दवाखाने तासाभराच्या वाटेवर. पण तिचे वडील नत्थुजी म्हणाले, "दवाखान्यात कोणी ना कोणी भेटतेच. अकोल्याले खबर गेली तर सोयरीक मोडली समज."

घरात जायफळ होतं. तोंड वाकडं झालं की ते दाढेखाली धरायचं, असं कुणाच्या तरी आजीनं सांगितलेलं. आकांक्षानं अकरा दिवस धरलं. जेवताना घास गालात अडकायचा, तो बोटानं काढायची. विपुलचा व्हिडिओ कॉल आला की धाकटी प्रणाली "ताई झोपली" म्हणून सांगायची.

अकरा दिवस मुलगी झोपलेलीच कशी, असा प्रश्न अकोल्याला पडायचा तो पडलाच. बाराव्या दिवशी विपुलचे वडील रामराव मुलासह घरी येऊन धडकले आणि त्यांनीच आकांक्षाला व नत्थुजींना अमरावतीला, राजापेठेतल्या डॉक्टर पौर्णिमांकडे नेलं. काळजीपोटी नव्हे. त्यांना लेखी हवं होतं.

"डोळे मिटा. गाल फुगवा. आता हसा," डॉक्टर म्हणाल्या.

आकांक्षा हसली. विपुलनं मोबाइलमध्ये डोकं खुपसलं.

"लग्नापर्यंत तोंड सरळ होते का नाही, तेवढं लिहून द्या," रामराव म्हणाले.

"तसं लिहून देता येत नाही. पुढच्या काही दिवसांत हालचाल दिसू लागली तर बहुधा पूर्ण बरं होईल. नाही दिसली तर महिने लागतील, थोडा वाकडेपणा राहूही शकतो." मग त्या नत्थुजींकडे वळल्या. "चेहऱ्याच्या नसेच्या या लकव्याचं औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू व्हायला हवं होतं. तेव्हा का नाही आणलंत?"

नत्थुजींनी रामरावांकडे पाहिलं.

"मंग असं करू नत्थुजी," रामराव म्हणाले. "तारीख तीच ठेवू. लहानी आहे ना तुमची, प्रणाली. पत्रिका तं अजून छापल्याच नाही."

वाचकहो, खरा संताप येतो तो पुढे. नत्थुजी नाही म्हणाले नाहीत. ते विचार करू लागले.

आकांक्षा उठली. ओठ साथ देत नव्हते, म्हणून सावकाश बोलली. "प्रणाली तुमाले भेटणार नाही. मीही भेटणार नाही. बाबा, या लोकायसाठी तुमी माहा चेहरा झाकून ठेवला. त्यात माहे औषधाचे तीन दिवस गेले. ते कोण लिहून देते?"

विपुल काही बोलला नाही. त्याच्या तोंडाला काहीही झालेलं नव्हतं.

समाजाच्या वधू-वर ग्रुपवर आकांक्षाचा जुना हसरा फोटो होता. त्याच ग्रुपवर संध्याकाळी तिनं आजचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'तोंड अचानक वाकडं झालं तर लपवू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. माझे अकरा दिवस लपवण्यात गेले.' शुभकार्याच्या ग्रुपवर असलं नको, म्हणून ॲडमिननं दहा मिनिटांत फोटो हटवला, पाठोपाठ तिलाही काढलं.

तेवढ्या वेळात शेंदूरजनाघाटच्या एका बाईंनी तो पाहिला होता. त्यांचा फोन आला, आवाज दबका.

"बाई, माह्या पोरीचं आज सकाळपासून असंच झालं. पुढच्या महिन्यात लग्न आहे तिचं. दार लावून बसलो आहो आमी."

"दार उघडा मावशी," आकांक्षा म्हणाली. "आन् आत्ताच निघा."