सेल्काचा निरोप आणि दुएजची मिशी

दुएजची मिशी गेली.

हे वाक्य चुकून आधी आलं. वाचकांनी ते वाचलं नाही असं समजावं. मिशीला काहीही झालेलं नाही. ती जागेवर आहे, दाट आहे, आणि तिचा मालक आखातातल्या सालमिया शहरात एका थिएटरात दुपारच्या खेळाला बसून शेजारच्या माणसाकडे संशयाने बघतो आहे.

शेजारचा माणूस म्हणजे त्याचा आतेभाऊ जराह. तिकिटं जराहने आपणहून काढली होती. पॉपकॉर्न आपणहून आणलं होतं. मधली चांगली खुर्चीही आपणहून सोडली होती. लागोपाठ इतकी सत्कृत्यं करणारा नातेवाईक दुएजने आजवर पाहिला नव्हता, आणि पाहायची इच्छाही नव्हती.

पडद्यावर 'घुबडगड' मालिकेचा शेवटचा सिनेमा चालू होता. पहिला आला तेव्हा दुएजला मिसरूडही फुटलं नव्हतं. आता तो पाणीपुरवठा खात्यात नोकरीला होता, आणि मधल्या काळात त्याच्या आयुष्यात घुबडगडाखेरीज सांगण्यासारखं फारसं काही घडलं नव्हतं. कथा साधी होती. ओर्विन नावाचा सरदार आणि सेल्का नावाची चेटकीण गड परत मिळवायला निघतात. सिनेमामागून सिनेमे उपाशी राहतात, भिजतात, एकमेकांचा जीव वाचवतात. पण प्रेमात पडत नाहीत. दुएजला त्यात हेच आवडायचं. तो वाढला तिथे माणूस माणसाकडे यायचा तो काम घेऊन. कुणी मिठी मारली की दुएज आधी विचार करायचा, याचा कुठला कागद अडकलाय. ओर्विनला सेल्काकडून काहीच नको होतं, सेल्कालाही नाही. जगात निदान दोन माणसं अशी आहेत, मग ती खोटी का असेनात, याचा त्याला आधार वाटायचा.

हे तो बू मुतलककाकांच्या दिवाणियात बोलून बसला, तिथेच घोळ झाला.

गल्लीतले पुरुष रोज संध्याकाळी काकांच्या त्या बैठकीत लोडांना टेकून कॉफी पीत आणि जगाचे निकाल लावत. जराह म्हणाला होता, "शेवटच्या भागात दोघं प्रेमात पडणार. पैज लाव."

"पडले तर ही मिशी उतरवीन," दुएज म्हणाला, आणि म्हणताना त्याने मिशीला हात लावला. नुसतं बोलला असता तर निभावलं असतं. हात लावला म्हणजे शब्द झाला.

आता पडद्यावर शेवट आला. गड मिळाला होता. दरवाजात ओर्विन घोड्याचा लगाम धरून उभा, समोर सेल्का. तो उत्तरेला निघालाय, परत येणार नाही. सेल्काने हात वर उचलला. ओर्विन एक पाऊल पुढे आला.

आणि बर्फ. दूरवर ओर्विन, घोड्यावर, एकटा.

थिएटरभर एकच "च्च" उमटला.

"कापलं," मागून कुणीतरी शांतपणे म्हणालं.

आपल्याकडे पडद्यावरचं चुंबन कापतात, यात कुणाला नवल नाही. नायक वाकतो, आणि पुढच्या क्षणी तो तिसऱ्याच गावात जेवत असतो. लोक हे जिन्याची एक पायरी नसावी तसं सहज ओलांडून जातात. दुएजने मात्र त्याचं शास्त्र केलं होतं. 'उडी तिथे चुंबन', हा नियम त्यानेच दिवाणियात मांडला होता. सिनेमा बघून आलं की लोक त्याला विचारायचे, "इथून काय गेलं रे?" आणि तो सांगायचा. मँचेस्टरला शिकणारी त्याची बहीण शैमा फोनवरून खातरजमा करायची. एकदाही चुकला नव्हता.

आज त्याने अंधारात मिशीवर तळवा ठेवला, जखमेवर ठेवतात तसा.  जराह फक्त पॉपकॉर्न खात राहिला. हे जास्त वाईट होतं.

गाडीत बसल्यावर दुएज म्हणाला, "तुझा मेव्हणा त्या कापाकापीच्या खात्यात आहे ना?"

"फैहान? तो तिथली लिफ्ट सांभाळतो."

"लिफ्ट वरपर्यंत जाते."

"म्हणजे?"

"म्हणजे साधा निरोपाचा प्रसंग असेल. तू मेव्हण्याला सांगून तो कापवलास. कापला की लोकांना वाटणार चुंबन."

जराहने सिग्नलला गाडी थांबवून त्याच्याकडे नीट पाहिलं. "दुएज, फैहानला मी वर्षभर सांगतोय, माझी शिडी परत कर. ती तो करत नाही. आणि माझ्यासाठी सिनेमा कापेल?"

मुद्दा बिनतोड होता, म्हणून दुएजला तो तयार करून आणलेला वाटला.

संध्याकाळची नमाज झाली आणि दिवाणिया भरली. बातमी आधीच पोचली होती, कारण कॉफी ओतताना सगळे दुएजच्या नाकाखाली बघत होते. काकांनी घुबडगडाचा एकही सिनेमा पाहिला नव्हता, पण भांडणं ऐकून त्यांना कथा पाठ होती.

"उडी होती का?" त्यांनी विचारलं.

"होती," दुएज म्हणाला. "पण काका, तिने हात उचलला तो त्याच्या खांद्यावरची धूळ झटकायला. ती नेहमीच झटकते. पहिल्या सिनेमापासून."

"मग झटकताना दिसली का?"

"नाही."

"धूळ झटकणं कोण कापेल, बाळा?"

उकडलेले हरभरे खाणाऱ्या कोपऱ्यातून हसू आलं. दुएजने शैमाला फोन लावला आणि आवाज मोठा करून फोन मधोमध ठेवला.

"शैमा, सगळे ऐकतायत. शेवटी दरवाजात काय होतं?"

"ती हात उचलते, तो पुढे येतो, मग बर्फ. मुद्दामच तसं ठेवलंय, दादा. पुढचं ज्याचं त्याने समजायचं."

"म्हणजे तिथेही कापलेलं नाही."

"कापायला काही आहेच कुठे?"

दुएजने विजयाने सभोवार पाहिलं. सभोवारची मंडळी गंभीर झाली होती.

"तिथेसुद्धा उडी आहे?" एकाने हळूच विचारलं.

"आहे म्हणते ना ती."

"म्हणजे इंग्रजांनीसुद्धा कापलं," काका म्हणाले. त्यांनी पेला खाली ठेवला. "काय असेल रे ते."

 इंग्रजांना कापावं लागलं असं नेमकं काय असेल, याची कल्पना करण्यात काही मिनिटं गेली. दोघांनी तर कानांना हात लावले. त्यानंतर दुएजने मारे सांगितलं की दिग्दर्शक असं करतात, ती एक रीत असते, पण नियम त्याचा स्वतःचा होता आणि तो त्याने इतकी वर्षं इतका चांगला शिकवला होता की आता दिवाणियात एकही माणूस अडाणी उरला नव्हता.

दुएज चपला घालत असताना जराह बाहेर आला. आवाज खाली, हात दुएजच्या खांद्यावर.

"हे बघ, मी पैज सोडतो. आत जाऊन सांगतो, मला ती धूळ दिसली. शपथेवर सांगतो. मिशी तुझी तुला."

"दिसली तुला?"

"न दिसायला काय झालं? फक्त माझं समुद्रावरचं घर आहे ना, तिथली पाण्याची जोडणी तुमच्या खात्यात अडकलीय. तू नुसता एक शब्द टाक."

दुएजला पॉपकॉर्न समजलं, तिकिटं समजली, खुर्चीही समजली. संशय खरा ठरल्याचं समाधान त्याला अपेक्षेपेक्षा फारच कमी झालं. खांद्यावरचा हात मात्र तिथेच होता. तो हात काही धूळ झटकत नव्हता.

"ओर्विनने कधी जोडणी मागितली नाही," दुएज म्हणाला.

"त्याच्याकडे विहीर होती. माझ्याकडे टँकर येतो."

दुएज तिथून थेट कोपऱ्यावरच्या भारतीय न्हाव्याकडे गेला. न्हाव्याने गालाला फेस लावला आणि वस्तरा मिशीजवळ येताच थांबला.

"घरात कुणी गेलं का?"

"नाही. सिनेमा पाहिला."

न्हाव्याने मान हलवली. "तो शेवटचा? ऐकलं मी. इंग्रजांनीपण कापलं म्हणे."

दुसऱ्या दिवशी ओठावर वारा लागत असताना दुएजने संबंधित खात्याला अर्ज पाठवला. त्यातला मागणीचा भाग असा:

"तरी विनंती की, सदर चित्रपटाच्या शेवटी दरवाजातील प्रसंगामधून कापलेला तुकडा अर्जदारास दाखवण्यात यावा. काहीही कापलेले नसल्यास, न कापलेल्या तुकड्याची साक्षांकित प्रत देण्यात यावी. त्यात सेल्का ही ओर्विनच्या खांद्यावरील धूळ झटकत असून दोघांनाही एकमेकांकडून काहीही नको आहे, असे आढळल्यास, तसा दाखला बू मुतलक यांच्या दिवाणियात कॉफीच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी एक जबाबदार अधिकारी नेमण्यात यावा. सदर अधिकाऱ्याचे कुठल्याही खात्यात कसलेही काम अडकलेले नसावे, ही नम्र अट."